सूर्यावरचा पाऊस बघणारा दस्तगीर

आखाडा बाळापुरात ट्रॉलीचा सांधा उखडला की लोक दस्तगीरचं वेल्डिंगचं दुकान गाठत. त्याने जोडलेला सांधा बोटाला लागायचा नाही. पठ्ठ्याला नाद एकच: शाळा सुटली की माझ्यासारख्या विज्ञानाच्या मास्तराला अडवून प्रश्न विचारणं.

दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात सूर्यावर मोठे स्फोट झाले. मी त्याला मोबाईलवर असाच एक व्हिडिओ दाखवला. स्फोटानंतर तापलेला प्लाझ्मा कमानीसारखा वर चढतो, जरा निवला की धारा धरून परत सूर्यावरच कोसळतो.

"आगीचा पाऊस! काय सांगून राहिले सर!" त्याने तो सात वेळा पाहिला. असा श्रोता मिळाल्यावर मास्तराची जीभ सुटतेच. हा पाऊस नुसत्या काचेतून दिसत नाही, एवढं मात्र सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून गडी भर दुपारी मान मागे टाकून सूर्याकडे बघू लागला. वेल्डिंगच्या काळ्या काचेतून पाऊस काही दिसेना, म्हणून गॅस कटिंगचा फिका चष्मा लावला. आठ दिवस हेच. बायको शरीफा ओरडली, तर म्हणाला, "वेल्डिंगनं डोळे भाजले की रातभर ठणकतेत. मला तर काहीच दुखून न्हाई राहिलं."

वीस वर्षं डोळे चुरचुरले की बटाट्याचे काप ठेवून झोपायचं आणि दोन दिवसांत कामाला लागायचं, हे त्याचं शास्त्र. दुखलं नाही म्हणजे भाजलं नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणं कळतच नाही, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक?

नजर अंधारली तेव्हा नांदेड गाठलं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही पडदे मधोमध भाजलेत, आता इलाज नाही.

दुकान बंद आहे. जिथे बघावं तिथेच काळा ठिपका. लेक आफिफा समोर बसली की तिची ओढणी दिसते, तोंड दिसत नाही. मला त्या घरातून पळून जावंसं वाटतं, तरी दर रविवारी जातो.

परवा त्याने विचारलं, "सर, अजून चार दिवस बघितलं असतं, तर दिसला असता का वो पाऊस?"

"नाही. त्याला खास दुर्बीण लागते."

"हे तुमाला तवाच माहीत होतं?"

"होतं."

त्याने तोंड बाजूला फिरवलं. समोरच्याला बघायचं असलं की हल्ली त्याला तसंच करावं लागतं. बराच वेळ तो मला बघत राहिला.