ताईची लाटी

माझ्या लेखाचे कागद ताईने परत दिले, तेव्हा दुसऱ्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेली तिची एक ओळ दिसली. वाण्याच्या यादीपलीकडे कधी काही न लिहिणारी माझी ताई!

लेख आमच्या लहानपणीच्या पापडांवर होता. उडदाच्या पिठाचा उग्र वास, गच्चीवर पसरलेलं आईचं जुनं लुगडं, लाटताना होणारा बांगड्यांचा आवाज, मी काही म्हणून सोडलं नव्हतं. पापड लाटायला बसण्याआधी आई आम्हा दोघींच्या हातावर कच्च्या पिठाची एकेक लाटी ठेवायची, तेलात बुडवून. त्या लाटीवर तर अख्खा परिच्छेद होता. शेवटी हरवलेल्या बालपणासाठी एक लांबलचक उसासाही टाकला होता.

ताईची ओळ अशी होती: 'लाटी हातात पडली की मी आधी तुझी बघायचे, मोठी आहे का ते.'

"वाचता वाचता लिहिलं गेलं गं. खोडून टाक," ती म्हणाली.

मी "बरं" म्हटलं, पण आतून नुसती जळत होते. माझ्या चार पानांत पीठ होतं, तेल होतं, उसासा होता; त्या दोन मुली मात्र कुठेच नव्हत्या. तिच्या ओळीत त्या शेजारी शेजारी बसल्या होत्या, एकमेकींच्या हाताकडे बघत. बघायचे तर मीसुद्धा, दर उन्हाळ्यात. तेवढंच नेमकं मी लिहिलं नव्हतं, कारण त्यात मी चांगली दिसत नव्हते.

ताई गेल्यावर खोडरबर घेऊन बसले. इतक्या वर्षांनीही तिचीच लाटी मोठी निघाली होती.