ब्रेकवरचा पाय

अहेरीहून चांद्याला येणारी मोटार तो चालवायचा. जंगलखात्याच्या कामानिमित्त मी नेहमी त्याच्या शेजारी बसे. बोलणं मोजकं. नाला आला की "धरून बसा, बाबू," एवढंच. वाटेत पाणी प्यायला की उरलेलं घोटभर पुढच्या चाकावर ओतायचा, जनावराला पाजावं तसं.

लायसनची मुदत संपत आली, तेव्हा ते वाढवून घ्यायला तो चांद्याला निघाला. गाडी दुसरा ड्रायव्हर चालवत होता. हा माझ्या बाजूला प्रवासी म्हणून बसला, तरी प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय खालची फळी दाबायचा. धुळीनं आणि धक्क्यांनी मी आंबून गेलो होतो. मला त्या पायाचाही वैताग आला.

संध्याकाळी परतताना विचारलं, "झालं काय, भाऊ?"

"नाई. साहेब शिक्का मारूनच राह्यला होता. मीच सांगतलं, मले बराबर दिसत नाई. परवा बैलबंडी पार जवळ आली तवा दिसली."

"मग आता?"

"आता काय, बसाचं."

नाला आला. ड्रायव्हरनं उतारावर गाडी तशीच सोडली. घाबरून मीच फळीवर पाय दाबला.

त्यानं आपले दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले होते.