टिटवीचा पुढे केलेला पंख

जळगावच्या शालेय खो-खो स्पर्धेसाठी शुभंकर काढून द्याल का, असा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या घरात सकाळचं वरण दुसऱ्यांदा गरम करत होते. निवृत्त चित्रकला शिक्षिकेला कोण विचारतं? पण हे जाऊन सात महिने झाले होते. पलीकडे कुणीतरी बोलतंय एवढ्यावरच मी हो म्हणून बसले.

हे शाळेत खो-खो शिकवायचे. खो देणारा बसलेल्याच्या पाठीला हात लावतो, तो उठून पळतो आणि देणारा त्याच्या जागी बसतो. घरातही यांचं तेच. मी भाजी निवडत बसले की मागून पाठीवर थाप. "खो!" मी उठायची, हे बसायचे, आणि अर्धी चांगली मेथी कचऱ्यात जायची. माणसाला सगळ्याची सवय होते म्हणतात. माझ्या पाठीला झाली नाही.

मी टिटवी काढली. लांब पायांची, मोकळ्या रानात तुरुतुरु पळणारी. एक पंख पुढे केलेला, समोरच्याच्या पाठीला आता लागणार असा.

स्पर्धेच्या समितीत पारोळ्याकडचे एक नाना होते. चित्र बघून ते उडालेच. "शुभंकर म्हनतस आनि टिटवी? अक्का, ती अपशकुनी शे! बठ्ठा लोके नावं ठेवतीन. मोर काढा."

"नाना, टिटवीनं समुद्र आटवला. तुमच्या मोरानं काय आटवलं?"

सगळे हसले आणि टिटवी वाचली. मग कुणीतरी म्हणालं, पंखाला वर केलेला अंगठा काढू या, छान दिसेल. माझं डोकंच फिरलं. पंखाला हात लावायचा नाही, नाहीतर चित्र परत द्या, असं मी बजावलं. फॉर्मवर 'चिन्हाचा अर्थ' असा रकाना होता, त्यात मी 'सहकार्य' लिहिलं. नवऱ्याचा हात, असं लिहिता येतं होय?

अंतिम सामन्याला एसटीनं जळगावला गेले. चित्र मी काढलंय हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं, शेजारी माझी पिशवी होती. टिटवीचा भलामोठा पोशाख घालून कुणीतरी प्रेक्षकांत फिरत होतं, मागून खो देत होतं. पोरं किंचाळत उठून पळत होती. मी खेळाकडे बघत राहिले.

तेवढ्यात पाठीवर थाप पडली. "खो!" मुखवट्याआडून एका मुलीचा दबका आवाज.

मी ताडकन उठले. पाठीला नसली तरी पायांना इतक्या वर्षांची सवय. डोळे भरून आले, आणि मी हसतही होते. मागे वळून पाहिलं तर टिटवी पुढच्या रांगेत पोचली होती.

मी पिशवी घेऊन तशीच उभी राहिले. माझ्या जागी बसायला कुणीच आलं नाही.