आबांचा अंतर्यामी

पैठणच्या स्टँडवर एसटीत बसल्यावर मी यादी पुन्हा वाचली. दाखले, ताट-वाटी, सतरंजी, वाळूजला बजाजनगरात घेतलेल्या खोलीची किल्ली. सगळं होतं. खिडकीखाली उभे असलेले माझे वडील, आबा, म्हणाले, "यादी ऱ्हाऊ दे, माय. अंतर्यामी काय म्हणतो?"

"गाडी सुटतीय, आबा. त्याला नंतर विचारते."

ते हसले नाहीत.

कीर्तनात हा शब्द देवासाठी येतो: आत राहणारा, सगळं जाणणारा. पुस्तकातही तो असाच भारदस्त. आमच्याकडं मात्र तो मेंढरांमागं हिंडायचा. मेंढरं आकड्यात मोजू नयेत, मोजली की घटतात, असं आबा मानायचे. दिवस कलताना ते मेंढवाड्याच्या तोंडाशी उभे राहत आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीला हात लावत. शेवटची आत गेली तरी कधी कधी हात तसाच राही. "कायतरी ऱ्हायलं. अंतर्यामी नाय म्हणतोय." मग सगळी बाहेर काढून पुन्हा पहिल्यापासून. भाकरी गार व्हायची, आई करवादायची. गावाकडच्या तुम्हा मंडळींपैकी ज्यांनी आबांना पाहिलंय, त्यांना हे नवीन नाही.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपात मला ब्रेकचे सुटे भाग तपासायचं काम मिळालं. सहा महिने कच्ची नोकरी. पक्की झाली नाही तर गावाकडं परत, हे ठरलेलं. शेवटच्या आठवड्यात एका लॉटच्या कागदावर माझी सही तेवढी बाकी होती आणि ट्रक दाराशी उभा होता. वहीत प्रत्येक खोक्यापुढं माझी खूण होती. पण मधे जेवणाची सुट्टी झाली होती, आणि सुट्टीनंतर कुठून सुरुवात केली ते काही केल्या आठवेना.

"क्या ताई, मारा ना सही! वही तर भरलीय तुमची," सुपरवायझर म्हणाले.

"पुन्हा तपासते."

"कशाला?"

तोंडातून निघून गेलं, "अंतर्यामी नाही म्हणतोय."

पॅकिंगच्या बाया खिदळल्या. "त्याचा गेटपास काढला का गं?"

मी खोकी उघडली. दोन तास गेले. ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढेना, सुपरवायझर माझ्या डोक्यावर उभे. एकही तुकडा खराब निघाला नाही.

"झालं समाधान?" त्यांनी कागद ओढून घेतला. आठवड्यानं पक्क्या कामगारांची नावं लागली. माझं नव्हतं.

एसटीडी बूथवरून गावातल्या किराणा दुकानात फोन लावला, आबांना बोलावून घेतलं. सगळं सांगितलं. "तुमच्या अंतर्यामीनं माझी नोकरी घालवली, आबा. एक तुकडा खोटा निघाला नाही."



"मेंढरं पुरी भरली तर आपुन रडतो व्हय?" आबा म्हणाले. "यायचं तर ये, घर हाय. पर रडत येऊ नगं."

मी गेलेच नाही. महिनाभर कारखान्यांची दारं झिजवली. वाळूजमध्येच दुसरं काम मिळालं, पुढं शेंद्र्याच्या एका कारखान्यात पक्की झाले.

आता आबा नाहीत, मेंढरं नाहीत. तुम्ही विचारता, घर म्हणून कुठलं सांगतेस? कामावर निघताना मी कुलूप लावते, जिना उतरते, आणि एखाद्या दिवशी अंतर्यामी नाही म्हणतो, तेव्हा अर्ध्यातून पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघते. खाली नवरा स्कूटर बंद करून थांबतो. कशाला गेलीस, असं विचारत नाही.

घर कुठलं, तर हे.