डॉक्टर आत, नाहीतर तुम्ही बाहेर!

काही किस्से सांगायचे नाहीत असं ठरवलं, तरी चहाचा दुसरा कप आला की आपोआप बाहेर पडतात. माझे सगळे भाईंदर पश्चिमेच्या त्या हॉस्पिटलातले. नव्वदच्या दशकात मी तिथे पर्सोनेल ऑफिसर होतो. त्याआधी कारखान्यात मालकांच्या बाजूने बारा वर्षं युनियन सांभाळलेली. म्हटलं, सहा डॉक्टर म्हणजे किस झाड की पत्ती!

*

हे सहा जण तिथले निवासी डॉक्टर. मागणी एकच, आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. पहिल्याच मीटिंगमध्ये मी आवाज चढवला. त्यांचे पुढारी डॉ. साळवी उठून माझ्याजवळ आले. शांतपणे माझ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला, पंप मारला.

"एकशे सत्तर! मीटिंग उद्या घेऊ. आज तुम्ही घरी जा."

कारखान्यात फार तर टेबलावर मूठ आपटायचे हो! हा खरा आकडा की डावपेच, या विचाराने मी आणखी अस्वस्थ. गोळी तेव्हापासून चालू आहे.

*

पुढच्या सोमवारी सहाही जण सिक लीव्हवर. नियमाप्रमाणे मेडिकल सर्टिफिकेट हवं. तर यांनी ती एकमेकांनाच दिलेली! एकाला कावीळ, एकाची पाठ, एकाला चक्कर.

मी साळवींना फोन लावला. "अहो, निदान आजार तरी एकच लिहायचा!"

"एकच लिहिला असता तर साथ आली म्हणून नगरपालिकेला कळवावं लागलं असतं."

*

मग ट्रस्टींनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.

"देखो, शनिवार तक डॉक्टर अंदर, नहीं तो तुम बाहर."

आम्ही नुकतेच गिरगावातून इकडे बेव्हर्ली पार्कला राहायला आलो होतो. मुलीला इथल्या शाळेत घातलं होतं. त्या आठवड्यात मला जेवण जाईना. बायको म्हणाली, "त्या साळवींनाच दाखवा ना!" मला हसू आलं नाही.

*

बुधवारपासून उघड संप. पण पेशंट सोडवेनात, म्हणून डॉक्टरांनी गेटबाहेर मांडव घातला आणि तिथेच ओपीडी सुरू केली. सहाही जण ओळीने बसलेले. केसपेपर नाही, खिडकी नाही, नंबर नाही. आला की तपासला!

मी आत-बाहेर, आत-बाहेर. शनिवारी दुपारी ट्रस्टींनी एकदाची सही केली. सुट्टी मंजूर! मी कागद घेऊन धावतच मांडवात गेलो. नोकरी वाचली होती, डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. ओरडून सांगितलं, "संप मिटला! सगळे डॉक्टर आत्तापासून आत!"

डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच बाकावर जवळच्या पाली गावची एक कोळीण तापलेलं पोर मांडीवर घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मंग आता आमी पुन्ना आत तीन तास बसाचा काय?"