डब्यावरचं नाव

पिठाचा डबा घासून उन्हात ठेवला, की त्यावर कोरलेलं नाव चमकतं: सुमन. माझ्या पहिल्या पगारातून घेतलेला डबा. दुकानदार नाव घालायचं यंत्र हातात धरून म्हणाला, "साहेबांचं नाव सांगा." आमचे हे सांगणार, तेवढ्यात मी म्हटलं, "पैसे माझे, नावही माझंच घाला."

घर यांच्या नावावर, दारावरची पाटी यांची, लग्नपत्रिकांवर मी नुसती 'सौ.' माझं नाव टिकलं ते या डब्यावर. त्याला पोचे आले, झाकण सैल झालं, पण एक अक्षर पुसलं गेलं नाही.

काल मुलगा म्हणाला, "आई, हा मोडीत देऊ या. नव्या किचनमध्ये शोभत नाही."

मी डब्यात पीठ भरलं आणि नावाची बाजू पुढे करून तो ओट्यावर ठेवला. शोभायचंच असेल, तर किचननं त्याला शोभावं.