माय, तिच्याच लुगड्यात

मालिकांत मी बहुतेक वेळा इन्स्पेक्टर, वकील नाहीतर नवरीचा बाप असतो. शॉट लागेपर्यंत तासन्‌तास बसून राहावं लागतं, तेव्हा मी फोटो काढतो. लोकांनी टाकून दिलेले जुने फोटोही जमवतो. त्यांतले बरेचसे लग्नाच्या घोळक्याचे, एखादं डोकं कात्रीने कापून नेलेले. यंदा या सगळ्याचं पुस्तक झालं आणि माझ्या थोरल्या भावाने माझ्याशी बोलणं टाकलं.

कारण पहिल्या पानावर आमची माय आहे. सेलूच्या बाजारात पोत्यावर बसलेली, रोजचं सुती लुगडं, पदर खांद्यावरून घसरलेला, हातात वांगं आणि तोंड हे एवढं उघडं. ती गिऱ्हाइकाला झापते आहे. फोटो मीच काढलेला, नवा कॅमेरा घेतला तेव्हा.

माय गेली तेव्हा मी शूटिंगला होतो. भिंतीवर लावायला नीटनेटका फोटो हवा, म्हणून भावाने याच फोटोतला चेहरा फोटोवाल्याला दिला. त्याने कॉम्प्युटरवर मायचं तोंड मिटवलं, तिला गोरी केली आणि खाली कुण्या परक्या बाईचं जरीच्या साडीतलं धड जोडलं. तेरवीला त्यालाच हार घातला. बाजारात मायच्या शेजारी वर्षानुवर्षं भाजी विकणारी मावशी आली. तिने हात जोडले आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बापू, हा फोटो कोनाचा होय?"

मला भयंकर संताप आला.

पुस्तक छापायच्या आधी भाऊ तणतणला. "मायले असं दाखवून राह्यला तू? पदराचं तरी भान ठेव. भिंतीवरचा चांगला फोटो टाक न!"

"त्यात आपली माय कुठी हाय, दादा? मी पोटासाठी भाड्याचे कोट घालतो. मायले काऊन भाड्याचं नेसवू?"

"लोकं काय म्हणतीन?"

"म्हणू दे. याच बाजारानं आपल्याले पोसलं."

तो उठून गेला. मी फोटो बदलला नाही, आणि माफीही मागणार नाही.

पहिली प्रत घेऊन मी थेट बाजारात गेलो. मावशी आता एकटीच बसते. तिला वाचता येत नाही. पहिलं पान उघडून मी तिच्या मांडीवर ठेवलं. या खेपेला तिने कोणाचा म्हणून विचारलं नाही. फोटोच्या अगदी कडेला मायचा पदर धरलेली चार बोटं आहेत, माझंही कधी लक्ष गेलं नव्हतं. त्यांवर हात ठेवून ती म्हणाली,

"हा हात माहा होय. जाऊ दे व बाई म्हणून मीच तिचा पदर ओढून राह्यलती. आयकते का कोनाचं!"